अक्काचे गुडघे बँकॉकला

बँकॉक, बुधवार, १० डिसेंबर

आदरणीय अक्का,

तुझ्या धाकट्या भावाचा परमुलखातून मनापासून जय भीम. खोकला गेला का, शेळी व्याली का, ओट्यावरची फरशी बसवायला गवंडी पुन्हा आला का, हे सगळं विचारायचं आहे. पण रसायनीच्या कारखान्यात तीस वर्षं बॉयलरवर काढल्यामुळे एक सवय लागली आहे. शिफ्ट बदलताना वहीत आधी सध्याची स्थिती लिहायची आणि मग ती कशी ओढवली ते. म्हणून आधी सध्याची स्थिती लिहितो.

तुझे गुडघे तुझ्या वयाच्या मानाने उत्तम आहेत. काल दुपारी इथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी ते दिव्याच्या पाटीवर लावून पाहिले, धाकट्या डॉक्टरला हाक मारून दाखवले आणि तशी खात्री दिली. दुभाषी मुलीने ते हिंदीत सांगितलं, मी ते दोनदा विचारून घेतलं आणि तुझ्या भावजयीने, उज्वलाने, तिसऱ्यांदा. तू कडावला ओट्यावर बसलेली असताना तुझे गुडघे बँकॉकला कसे पोचले, तेच सांगायला हे पत्र आहे. (अपेक्षा, तुझी आजी आता ‘आँ?’ म्हणेल. तिला म्हण, ऐक गं पुढे. आणि कंसातलं सगळं तुझ्यासाठी आहे, ते मनात वाचायचं. मागच्या पत्रात तू कंसही मोठ्याने वाचलेस आणि मला दिवाळीच्या करंज्या मिळाल्या नाहीत.)

फोन का केला नाही म्हणशील. तुझंच म्हणणं आहे की फोनवर माणूस बिनधास्त खोटं बोलतो, कागदावर त्याचा हात अडखळतो. म्हणून हॉटेलच्या कागदावर लिहितो आहे. याचे फोटो काढून अपेक्षाच्या मोबाईलवर धाडीन, ती तुला वाचून दाखवेल.

तर अक्का, तीन वर्षांपूर्वी आपण दोघं गुडघ्यांचे फोटो काढायला कर्जतला गेलो होतो ते तुला आठवत असेल. तू, मी आणि तुझ्या सोबतीला उज्वला. तुझा फोटो आधी निघाला, माझा नंतर, आणि बाहेरच्या मुलाने दोघांच्या फिल्म एकाच मोठ्या पाकिटात घालून दिल्या. मग डॉक्टरांना दाखवायला बसायचं, तर तू म्हणालीस, “फोटो काढला ना? झालं. मला आत्ताच बरं वाटाया लागलं.” आणि कडावचा टेंपो चुकेल म्हणून उज्वलाला घेऊन चालती झालीस. मी एकटा आत गेलो. डॉक्टरांनी माझी फिल्म उजेडाला धरली आणि एवढंच म्हणाले, “दोन्ही वाट्या बदला.” माझा प्रश्नही ऐकून घेतला नाही. पुढचा पेशंट येऊन माझ्या मांडीजवळ उभा राहिलाच होता.

मी ‘विचार करून सांगतो’ म्हणालो आणि तीन वर्षं विचार केला. यात भीतीचा प्रश्न नाही, हे तुला माहीत आहे. प्रश्न अनुभवाचा आहे. कारखान्यात कुठलंही यंत्र एकदा उघडलं की पुन्हा पहिल्यासारखं बसत नाही. कितीही हुशार फिटर असो, शेवटी दोन नट हातात उरतातच आणि तो ते गुपचूप खिशात टाकतो. माझ्या गुडघ्याचे नट कुणाच्या खिशात जाणार हे मला झोपवल्यावर कळणार कसं? (अपेक्षा, तू सायन्सला आहेस. गुडघ्यात नट नसतात हे मलाही माहीत आहे.)

डॉक्टरांच्या त्या बोलण्याचा राग मी फिल्मवर काढला. त्याच दिवाळीत सूर्यग्रहण होतं, आठवतं? आपण विहाराच्या अंगणात मुलांना जमवलं, ग्रहणात मुद्दाम भजी तळली, पोटुशा बायकांनी सुद्धा खाल्ली, आणि सगळ्यांना ग्रहण दाखवलं. ते दाखवायला काळी काच हवी होती. मी पाकिटातली माझी फिल्म काढली आणि कात्रीने तिचे चौकोन पाडले. माझ्या गुडघ्यांमधून निम्म्या कडावने सूर्य पाहिला. तरी दोन मुलं उरली, म्हणून तुझ्या फिल्मचा वरचा काळा कोपरा कापला. (एक्स-रेमधून ग्रहण पाहू नये, डोळे जातात, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी अंधश्रद्धा घालवण्याच्या भरात होतो. कुणाचे डोळे गेले नाहीत, हे आमचं नशीब म्हणणार होतो, पण आपण नशीब मानत नाही.) त्या कोपऱ्यावर काय छापलेलं असतं, ते मी पाहिलं नाही. पेशंटचं नाव असतं आणि तारीख असते.

आता यंदाचा पावसाळा. शेलूचा आमचा जिना मला मागे तोंड करून उतरावा लागतो, शिडी उतरतात तसा. तुझ्या भाच्याला, राकेशला, ते बघवेना. त्याच्या ऑफिसातल्या कुणाची आई बँकॉकला जाऊन बिनऑपरेशनची बरी होऊन आली होती. आपल्याच हाताचं रक्त काढतात, यंत्रात घुसळतात, दह्यातून लोणी निघावं तसं त्यातून पिवळं पाणी वर येतं, आणि ते सुईने गुडघ्यात सोडतात. आतली झिजलेली गादी त्यामुळे सावरते म्हणे. चिरायचं नाही, उघडायचं नाही. अक्का, ‘उघडायचं नाही’ हे ऐकलं आणि मी पासपोर्टच्या फोटोला बसलो.

खोपोलीच्या एजंटने नवा एक्स-रे मागितला होता. माझं म्हणणं पडलं, गुडघा तोच, फोटो तोच, पुन्हा कशाला? दाराआडच्या खिळ्याला पिशवी असतेच, जिच्यात आपल्या सगळ्यांचे फोटो, रिपोर्ट आणि आईच्या चष्म्याचा नंबर आहे. त्यातून पाकीट काढलं, त्यात एकच फिल्म निघाली, ती राकेशला दिली. कोपरा कापलेला असल्यामुळे नाव नव्हतं आणि जुनी म्हणून परत यावी तर तारीखही नव्हती. राकेशने ती बँकॉकला पाठवली आणि तिकडून चार दिवसांत उत्तर आलं की गुडघे उपचाराला अगदी योग्य आहेत, पेशंटने जरूर यावं. त्या रात्री मी उज्वलाला म्हणालो, “बघ. कर्जतच्या डॉक्टरला वाट्या बदलायची घाई, आणि हे परके लोक म्हणतात योग्य आहेत.” ती म्हणाली, “मंग जिना उलटा का उतरता?” मी दिवा मालवला.

त्या उत्तरासोबत इंग्रजीत एक फॉर्म होता. त्यात भरलं होतं की पेशंटच्या उजव्या मांडीजवळ धातूची वस्तू आहे. राकेशने मला विचारलं, “बाबा, तुमच्या मांडीत काय आहे?” मी म्हटलं काही नाही. तो म्हणाला, “फोटोत दिसतंय म्हणतात.” मग मलाही शंका आली. अक्का, तीस वर्षं कारखान्यात गेल्यावर माणसाच्या मांडीत काहीही असू शकतं. मी सही केली. मात्र त्या दिवसापासून मला मांडीत टोचायला लागलं. (खरंच टोचत होतं. हसू नकोस.)

विहारातला सत्कार तुझ्यासमोरच झाला, त्यामुळे लिहीत नाही. फक्त एवढंच, की विहारसमितीच्या आबाजींनी भाषणात ‘आपले कमळाकर बुद्धाच्या देशाला निघाले’ म्हटलं तेव्हा मागच्या रांगेतली पोरं का खिदळली, हे तू मला विचारलंस आणि मी ‘माहीत नाही’ म्हणालो, ते खरं नव्हतं. बँकॉक म्हटलं की नाक्यावर लोकांच्या मनात विहार येत नाही. सदू न्हावी तर माझी दाढी करता करता म्हणाला, “दादा, लोकं तिकडं गुडघं झिजवायला जातात, तुमी भरून आणाया चालला!” वस्तरा गळ्यावर असल्यामुळे मी रागावलो नाही. पण त्या सत्कारात मी एक आगाऊपणा केला, तो मात्र मला आता छळतो आहे. चार वर्षं मी खुर्चीवर बसून वंदना घेतो. सगळे खाली गुडघे टेकून, आणि घेणारा वर, सभापतीसारखा. मला त्याची लाज वाटते. म्हणून शाल अंगावर पडताच मी बोलून गेलो, “परत येईन तेव्हा ही खुर्ची अंगणवाडीला देऊन टाकीन.” टाळ्या झाल्या. अंगणवाडीच्या भागूबाईंनी दुसऱ्याच दिवशी ती नेलीसुद्धा.

सहा डिसेंबर झाल्यावर, सात तारखेला आम्ही निघालो. राकेशने माझ्या नावाने विमानतळावर चाकाची खुर्ची सांगून ठेवली होती. मी म्हटलं, मी काय म्हातारा आहे? पण सांगून ठेवलेली खुर्ची रिकामी जाणार, ते उज्वलाला पाहवेना. ती बसली, मांडीवर भाकऱ्यांची पिशवी घेतली आणि मी ढकलायला लागलो. तो गणवेशातला माणूस म्हणाला, मी ढकलतो. मी म्हटलं नको, मला धरायला बरं पडतं. खरंच पडतं, अक्का, काठीपेक्षा बरं. पासपोर्टच्या खिडकीत साहेबाने विचारलं, कशाला जाताय? मी म्हटलं, गुडघ्याच्या इलाजाला. त्याने उज्वलाकडे बघून मान हलवली, “बरी व्हा, मावशी.” ती म्हणाली, “व्हते ना.”

पुढे तपासणीची चौकट आली. मी प्रामाणिक माणूस, चौकटीत शिरण्याआधीच शिपायाला सांगून टाकलं की माझ्या मांडीत धातू आहे. चौकट वाजली नाही. त्याने पुन्हा पाठवलं, पुन्हा नाही वाजली. एरवी वाजली की माणसाला धरतात, मला न वाजल्याबद्दल धरलं. पडद्यामागे नेऊन हातातल्या यंत्राने अर्धा तास शोधलं. शेवटी त्यांचा मोठा साहेब आला, बँकॉकचा फॉर्म वाचला आणि म्हणाला, “काका, तुमचं काहीतरी हरवलंय.” विमानात बसेपर्यंत उज्वला माझ्याशी बोलली नाही. (बसल्यावर बोलली. ते लिहीत नाही.)

इथे मात्र सगळं चकाचक आहे. दवाखाना इतका स्वच्छ की चप्पल बाहेर काढली तरी पाय आत न्यायला संकोच वाटतो. आमच्यासाठी नोई नावाची दुभाषी मुलगी दिली आहे. ती पूर्वी इथल्या सिंधी कापडवाल्याच्या दुकानात होती, त्यामुळे तिची हिंदी मापात असते, कापडासारखी वार-वार तोडून. सोमवारी माझं ब्लड प्रेशर घेतलं तर ते एकशे ऐंशी भरलं. मी नोईला समजावलं की यंत्राचा काटा तपासून घ्या, गेज खोटं दाखवतं कधी कधी. तिने मला एक संत्र्याचा रस दिला. मग नमुन्याला रक्त काढलं. मी अगदी शांत होतो. फक्त सुई आली तेव्हा खोलीत हवा थोडी कमी झाल्यासारखी वाटली आणि मी डोळे मिटून पडून राहिलो, थकव्याने.

काल मंगळवारी त्यांनी इथला नवा एक्स-रे काढला. नियमच आहे म्हणे, सुई टोचण्याआधी आपला काढायचा. दुपारी मोठ्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावल्या. पाटीवर दिवा लागला आणि त्या गप्प झाल्या. अक्का, बॉयलरवर काम करणाऱ्याला एक गोष्ट कळते, कुठला आवाज चांगला आणि कुठली शांतता वाईट. त्यांनी नोईला काहीतरी विचारलं. नोईने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “अंकल, दो महीने में क्या किया? पहाड़ से गिरा?” मी म्हटलं नाही बाई, शेलूलाच होतो. पुन्हा दोघी बोलल्या. मग डॉक्टरीणबाईंनी जुन्या फिल्मवर बोट ठेवलं, नोई म्हणाली, “ये घुटना छोटा है. औरत का है. और ये क्या है?”

बोट होतं मांडीजवळच्या त्या धातूवर. उज्वला तोपर्यंत कोपऱ्यात पदर सावरून बसली होती. ती उठली, पाटीपाशी गेली, चष्मा वर करून बघितलं आणि ओरडली, “अवो, ही माजी पिन हाय!”

पिनच होती. मोठी, लुगड्याला लावायची. कर्जतच्या खोलीत फोटोवाल्याने तुला लुगडं गुडघ्याच्या वर घ्यायला सांगितलं, तू म्हणालीस की बापाने पाहिला नाही तो गुडघा तुला का दाखवू, आणि शेवटी पाहिजे तेवढंच, बोटभरसुद्धा जास्त नाही, असं लुगडं दुमडून उज्वलाच्या पिनेने पक्कं केलंस. हे सगळं उज्वलाने तिथे, बँकॉकच्या दवाखान्यात, हातवारे करून सांगितलं. नोईने ते डॉक्टरीणबाईंना सांगितलं. धाकटा डॉक्टर तोंडावर हात धरून बाहेर गेला. उज्वला अजून म्हणते आहे, “तीन वरसं झाली, वन्संनी पिन परत केली नाय. बँकॉकला येऊन गावली.”

मी हसलो नाही. मी दुसऱ्या फिल्मकडे बघत होतो. तुझ्या गुडघ्यात दोन हाडांच्या मध्ये काळी फट आहे, स्वच्छ, दार किंचित उघडं राहावं तशी. माझ्यात फट नाही. हाडावर हाड बसलं आहे. बेअरिंग खाल्लेली मोटर मी शेकडो वेळा उघडली आहे, तेव्हा मला नोईने काही सांगायची गरज नव्हती.

तरी तिने सांगितलं. पिवळं पाणी जिथे थोडी गादी उरली आहे तिथे उपयोगी पडतं, आणि तिथेही पडेलच असं नाही. माझ्याकडे सावरायला काही उरलेलं नाही. दगडाला तूप चोळण्यासारखं आहे. आम्ही ज्या फोटोवर तुम्हाला बोलावलं, तो गुडघा असता तर आम्ही नक्की केलं असतं, असं त्या म्हणाल्या. त्या गुडघ्याला तर रोज व्यायाम केला तरी पुष्कळ होईल, ही बाई जिने चढू शकते. आणि या गृहस्थांनी मात्र घरी जाऊन वाट्या बदलून घ्याव्यात, लवकर. कर्जतच्या डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितलं होतं तेच, फक्त इथे बसायला खुर्ची दिली आणि हातावर हात ठेवला. मी म्हटलं, एका तरी गुडघ्यात सोडून बघा. त्या म्हणाल्या, तुमचा फारच आग्रह असेल तर गुरुवारची वेळ तुमच्यासाठी ठेवलेली आहे, सुई टोचू, पण मी तुम्हाला आशा विकणार नाही.

संध्याकाळी आम्ही हॉटेलसमोरच्या देवळात, म्हणजे त्यांच्या विहारात, गेलो. आत ऐंशीच्या पुढची एक बाई होती, सुकून सोडे झालेली. तिने गुडघे टेकले, तीनदा डोकं जमिनीला लावलं आणि हात न टेकता उठली. मी खांबाला धरून उभा होतो. उज्वला खाली बसली होती, तिने वर बघितलं आणि परत खाली बघितलं. अक्का, ती बोलत नाही तेव्हा मला फार जड जातं.

पण तू काळजी करू नकोस. मी सगळा विचार केला आणि शांत चित्ताने डॉक्टरीणबाईंना कळवून टाकलं की सुई राहू द्या, मी घरी जाऊन ऑपरेशन करून घेतो. आमचं विमान शुक्रवारी रात्री आहे, शनिवारी सकाळी अकरापर्यंत शेलूला पोचू. राकेशने पनवेलच्या एका दवाखान्यात सोमवार, बावीस तारीख धरून ठेवली आहे. आधी उजवा, जमलं तर पुढे डावा. सगळं ठरल्यासारखं आहे. मनात कसलीही भीती नाही. ब्लड प्रेशर आज सकाळी एकशे शहात्तर होतं, म्हणजे उतरतंच आहे.

आबाजींना एवढंच सांग की उपचाराची पद्धत बदलली. भागूबाईंना खुर्चीबद्दल काही बोलू नकोस, मी आल्यावर बघतो. तू जप, गरम पाणी पी, आणि अपेक्षाला अभ्यासाला वेळ दे.

तुझा
कमळाकर

ता. क. – एक राहिलं. पनवेलला फॉर्मवर सही करायला उज्वला आहे, राकेश आहे. पण मला झोपवतील तेव्हा दाराशी तू असावीस असं वाटतं. देवीची लस टोचायला शाळेत माणूस आला होता, तेव्हा मी पळून भाताच्या उडवीत लपलो होतो. तू मला कान धरून आणलंस आणि टोचून होईपर्यंत माझं तोंड तुझ्या परकरात धरून ठेवलंस. आता परकर नको. दाराशी बस म्हणजे झालं. त्यासाठी आदल्या दिवशी, रविवारी एकवीसला, शेलूला मुक्कामाला यावं लागेल. तिसरा मजला आहे. लिफ्टचा खड्डा अजून खड्डाच आहे.

ता. क. दुसरा – अक्का, शेलूच्या घरात आम्ही राहायला गेलो त्या दिवशी तू खालीच गाडीत बसून राहिलीस, ‘मला जिना चढवत नाय रं’ म्हणालीस, आणि मी पाहुण्यांसमोर खिडकीतून म्हणालो होतो, ‘आमच्या अक्काचे गुडघे नखऱ्याचे आहेत.’ ते तू ऐकलंस. तीन वर्षं तू आली नाहीस आणि तीन वर्षं मी लोकांना सांगतो, तिचे गुडघे दुखतात. दुखत असतील. डॉक्टरीणबाईसुद्धा म्हणाल्या की दुखणं फोटोत येत नाही. पण माझं ते बोलणं वाईट होतं, आणि कडावचं घर बंद करून गेलो तेव्हा तुला आधी विचारलं नाही, ते त्याहून वाईट. मला माफ कर. (अपेक्षा, हे वाचताना आवाज खाली ठेव. ओट्यावर आबाजी असतील तर आजीला आत घेऊन वाच.)

वन्सं, मी उज्वला. हे फोटो काढायला चष्मा शोधतायत, तोवर खाली दोन वळी लिहिते. ह्यांनी डॉक्टरीणबाईला आजून काय बी कळवलेलं नाय. काल ‘उद्या दहाला सांगतो’ म्हनून उठून आले. रगत काढताना बी थकवा नव्हता, सपशेल आडवे झाले, चौघांनी उचलले. रातभर ह्या कुशीवरनं त्या कुशीवर. सकाळधरनं म्हनतायत, एक सुई घेऊन बघू, नायतर कायच नको, परत खुर्चीच बरी. मी म्हनलं, भागूबाई पोरांना शेंगदाने वाटते त्या खुर्चीवर उभी राहून, आता कुठली परत मिळतेय. तर हे म्हनाले, “अक्काचं काय उत्तर येतंय बघू.” मला पिन नको. तुमी ‘रविवारी येते’ एवढं अपेक्षाला सांगा, ती मला लिहील. जिन्यात मी प्रत्येक वळनावर स्टूल ठेवीन, वर चहा ठेवीन. इथं सकाळचे साडेआठ झालेत, तुमच्याकडं सात. दहाला नोई गाडी घेऊन दारात येईल आनि विचारंल, “अंकल, हाँ या ना?”